एएचयूखाली दर महिन्याला पाणी येतंय? ड्रेन लाइन साफ करण्याआधी ट्रॅप मोजा

पुण्यातल्या एका ऑफिस इमारतीचं मेंटेनन्स मी बघतो. तिथल्या तिसऱ्या मजल्याच्या एएचयू रूममधून (एएचयू म्हणजे एअर हँडलिंग युनिट, सेंट्रल एसीची हवा गाळून, थंड करून मजल्यावर सोडणारं मोठं मशीन) दोन पावसाळे पाणी येत होतं. कधी दाराखालून पॅसेजमध्ये, कधी स्लॅबमधून झिरपत खालच्या मजल्याच्या फॉल्स सीलिंगवर. आधी टाइलवर चहा सांडल्यासारखा डाग पडायचा, मग टाइल फुगायची, आणि एक दिवस तिचा लगदा कुणाच्या तरी कीबोर्डवर. लगेच फोन. आमचं उत्तरही ठरलेलं होतं: ‘ड्रेन चोक झालाय, करून घेतो.’

एसीची सर्व्हिस करणारी मुलं यायची. मशीन बंद करायची, ड्रेन लाइनमध्ये हवा मारायची, मशीनमधलं पाणी झेलणाऱ्या ट्रेमधला चिखल पुसायची, आलोच आहोत तर म्हणून प्री-फिल्टर (धूळ अडवणारी पहिली जाळी) धुवायची आणि त्यामागच्या बारीक, फाइन फिल्टरलाही हवा मारायची. (फाइन फिल्टरला हवा मारू नये, त्याने त्याचा कागद फाटतो. पण ते जाऊ द्या.) मशीन चालू केलं की पाणी बंद. रिपोर्टवर ‘ड्रेन लाइन क्लीन्ड, वर्किंग ओके’. तीन-चार आठवडे शांतता, मग पुन्हा तोच डाग.

मी पहिला संशय घेतला तो मुलांवर. नीट साफ करत नसतील. मग लाइनच बदलली, पाऊण इंचाची काढून सव्वा इंची टाकली. उतार वाढवला. महिनाभराने पाणी हजर.

वॉचमन काकांचं एक वाक्य

तुटलेल्या टाइला मोजत उभा होतो तेव्हा रात्रपाळीचे वॉचमन काका म्हणाले, ‘‘साहेब, हे पाणी दिवसा पडतच नाही. सात वाजता मशीन बंद झालं की पडतं. मी रोज बादली लावतो.’’

दोन वर्षांत हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही विचारलं नव्हतं. तक्रार सकाळी यायची, आम्ही सकाळी बघायचो.

त्या संध्याकाळी मी एएचयू रूममध्ये थांबलो. मशीन चालू असताना ड्रेनच्या तोंडातून जवळजवळ काहीच येत नव्हतं, फक्त मधूनमधून गुळगुळ आवाज. बाहेर धो धो पाऊस, दमट हवा, कॉइलवरून (हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या जाळीवरून) पाणी गळतंय हे काचेतून दिसतंय, आणि नळी कोरडी. सातला ऑपरेटरने मशीन बंद केलं. पंखा थांबेपर्यंतचे ते वीसेक सेकंद, आणि मग त्याच ‘चोक’ नळीतून नळ सोडल्यासारखं पाणी आलं. बरोबरीने मशीनच्या खालच्या पॅनेलच्या सांध्यांमधूनही.

चोक झालेली नळी असं वागत नाही. चोक असेल तर मशीन चालू असो की बंद, पाणी अडणारच. इथे पंखा चालू असला की पाणी अडत होतं आणि पंखा थांबला की सुटत होतं. म्हणजे पाणी अडवत होता तो पंखा.

हे बघण्याची सोपी युक्ती: एक बादली पाणी

तुमच्याकडे असा प्रकार असेल तर काही उघडण्याआधी हे करा. मशीन बंद ठेवून ट्रेमध्ये बादलीभर पाणी ओता. सरसर निघून गेलं तर लाइन मोकळी आहे, तिच्यात हवा मारत बसू नका. मग मशीन चालू करा आणि पाच-दहा मिनिटं नळीचं तोंड आणि ट्रेची पातळी बघा. पाहणीच्या काचेतून बघायचं, दार उघडून नाही. दार उघडलं की आतला दाब बदलतो आणि रोगच गायब होतो. शिवाय चालत्या बेल्टजवळ हात नेऊ नये हे सांगायला लागू नये. चालू मशीनमध्ये ट्रे भरत गेला आणि बंद केल्यावर रिकामा झाला, तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच लिहिलंय.

पंखा पाणी कसं धरून ठेवतो

बहुतेक एएचयूमध्ये क्रम असा असतो: आधी परतीची हवा आणि बाहेरची ताजी हवा मिसळते, मग फिल्टर, मग कॉइल, आणि सगळ्यात शेवटी पंखा. पंखा हवा ढकलत नाही, कॉइलमधून ओढून घेतो. त्यामुळे पंख्याच्या अलीकडचं सगळं, म्हणजे फिल्टर, कॉइल आणि कॉइलखालचा ट्रेसुद्धा, ओढीखाली असतं. तिथला दाब खोलीतल्या दाबापेक्षा कमी. पॅनेलच्या फटीजवळ उदबत्ती धरली तर धूर आत खेचला जाताना दिसतो.

आता त्या ट्रेला एक नळी लावून तिचं दुसरं तोंड मोरीवर सोडलं, की ती झाली शहाळ्यातली स्ट्रॉ. आतून कोणीतरी सतत ओढतंय. ओढ चालू आहे तोवर पाणी खाली येणार नाही. ओढ सोडली की भसकन येईल. पॅनेलच्या सांध्यांचंही तेच. मशीन चालू असताना त्यातून हवा आत येत असते, म्हणून आत साचलेलं पाणी बाहेर येत नाही. पंखा थांबला की तेच सांधे गळू लागतात. काकांची सात वाजताची बादली त्याची.

या ओढीला उत्तर म्हणून ट्रॅप असतो. नळीला दिलेलं ते खालचं वळण, ज्यात पाणी साचून हवेची वाट बंद होते. आमच्याकडेही ट्रॅप होता. पण तो प्लंबरने बेसिनखाली करतात तसा केला होता: पाणी आत येण्याचं तोंड आणि बाहेर जाण्याचं तोंड जवळजवळ एकाच पातळीवर. बेसिनखाली तसा चालतो, कारण तिथे ट्रॅपचं काम फक्त वास अडवणं. तिथे कुणी वरून ओढत नसतं.

ओढ मोजायची कशी

यासाठी महागडं यंत्र लागत नाही. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून एका फळीला बांधा, अर्ध्यापर्यंत पाणी भरा, दिसावं म्हणून चिमूटभर कुंकू टाका. एक टोक कॉइल आणि पंखा यांच्यामधल्या पॅनेलच्या छिद्रातून आत घाला, छिद्राभोवती टेप लावा, दुसरं टोक खोलीत मोकळं ठेवा. मशीन चालू केलं की एका बाजूचं पाणी वर चढेल, दुसरीकडचं उतरेल. दोन पातळ्यांमधलं अंतर पट्टीने मोजा. ते जितके मिलिमीटर, तितकी ओढ. आकडेमोड काही नाही. गेजवर आकडा पास्कलमध्ये असेल तर १ मिमी पाणी म्हणजे ९.८ पास्कल.

मला गंमत वाटते ती ही, की रोगाचं माप आणि औषधाचं माप एकाच एककात निघतं. नळीत ५८ मिमी दिसलं, तर ट्रॅपच्या पाण्याने ५८ मिमीला पुरून उरायचं आहे.

आमच्याकडे फिल्टर मळलेले असताना ५८ आलं. फिल्टर साफ केल्यावर तीच नळी ३४ वर आली. दर महिन्याला पाणी परत का येतं, याचं उत्तर या दोन आकड्यांमध्ये आहे.

आता ट्रॅपची दोन मापं. पहिलं माप: ट्रेच्या तोंडापासून ट्रॅपच्या बाहेरच्या तोंडापर्यंत किती खाली उतरतो. याला उतरण म्हणू. दुसरं: बाहेरच्या तोंडाच्या पातळीपासून वळणाच्या आतल्या वरच्या कडेपर्यंत किती खोल पाणी उभं राहतं. हे सील. आमच्या ट्रॅपची उतरण होती २० मिमी आणि सील २५ मिमी.

मशीन चालू असताना ट्रेकडच्या बाजूचं पाणी बाहेरच्या तोंडापेक्षा ओढीइतकं वर उभं राहतं. ओढ ३४ असेल आणि उतरण २० असेल, तर उरलेलं १४ मिमी पाणी ट्रेमध्येच उभं राहणार. कुणाला कळतही नाही. ओढ ५८ झाली की ट्रेमध्ये ३८ मिमी. आमच्या ट्रेची कड ४५ मिमीची. वर हवेचा झोत, पाणी हिंदकळतं, कड ओलांडून केसिंगच्या, म्हणजे मशीनच्या पेटीच्या, तळात.

सीलचा हिशोब वेगळा आहे. पंखा सुरू होताना ट्रॅपमधलं पाणी ट्रेकडे वर सरकतं आणि बाहेरच्या बाजूला तितकंच उतरतं. म्हणजे ओढीच्या निम्मं इकडे, निम्मं तिकडे. ओढ ३४ असताना बाहेरची पातळी १७ मिमी उतरते, २५ चं सील टिकतं. ओढ ५८ असताना २९ उतरायला हवी, पण तेवढं पाणीच नाही. सील तुटतं, मोरीतली हवा नळीतून वर घुसते आणि खाली येऊ पाहणारं पाणी परत वर फेकते. तो गुळगुळ आवाज त्याचा. मला दोन वर्षं वाटत होतं की आवाज येतोय म्हणजे पाणी जातंय.

आणि सर्व्हिसची मुलं खरंच दुरुस्ती करत होती. फक्त ड्रेनमध्ये हवा मारून नव्हे. जाता जाता फिल्टर धुऊन. फिल्टर धुतला की ओढ ५८ वरून ३४ वर, पाणी थांबलं. कार्पेटची लव आणि रस्त्याची धूळ महिनाभर फिल्टरवर बसली की पुन्हा ५८. रिपोर्टवर मात्र श्रेय ड्रेनच्या सफाईला.

मग आधी पाच वर्षं काही का झालं नाही?

हा प्रश्न मला मालकांनी विचारला आणि तो रास्त होता. ट्रॅप पहिल्या दिवसापासून चुकीचाच होता. बदलल्या दोन गोष्टी.

कोविडच्या काळात ॲश्रे या अमेरिकी संस्थेने इमारतींमधल्या हवेसाठी मर्व्ह १३ (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक गाळतो त्याचं माप) किंवा त्याहून वरच्या दर्जाचे फिल्टर लावण्याची शिफारस केली होती. आमच्या इमारतीनेही २०२१ मध्ये प्री-फिल्टरमागे फाइन फिल्टर बसवले. चांगलंच केलं. पण बारीक जाळीतून हवा ओढायला पंख्याला जास्त जोर लागतो, आणि तो सगळा जोर ट्रेवर ओढ म्हणून येतो. दुसरं म्हणजे कोपऱ्यातल्या केबिनमध्ये हवा पोचत नाही अशी तक्रार आली, तेव्हा कुणीतरी व्हीएफडी (पंख्याच्या मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) ४२ हर्ट्‌झवरून ४८ वर नेऊन ठेवला. पंख्याचा वेग वाढला की दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ४८ भागिले ४२, त्याचा वर्ग: १.३. म्हणजे वेग १४ टक्क्यांनी वाढवला आणि ओढ ३० टक्क्यांनी वाढली.

खात्री करायची म्हणून मी फाइन फिल्टर काढून दहा मिनिटं मशीन चालवलं. नळीत २९. मग व्हीएफडी ४२ वर आणला. २२. उतरण २० ची, ओढ २२ ची. पाच वर्षं ते असंच काठाकाठाने चाललं होतं.

तेव्हा तुमच्याकडे ही तक्रार ‘अचानक’ सुरू झाली असेल, तर ड्रेनकडे जाण्याआधी विचारा: त्या सुमारास फिल्टरचा दर्जा बदलला का, पंख्याचा वेग वाढवला का, पुली बदलली का, ताज्या हवेचा डॅम्पर (झडप) बंद केला का. शेवटचं तर पावसाळ्यात हमखास होतं. दमट हवा नको म्हणून ऑपरेटर डॅम्पर आवळतो, हवेची एक वाट बंद होते, ओढ आणखी वाढते.

पाणी येतं तरी किती

ट्रेमध्ये थोडं पाणी राहिलं तर काय बिघडलं, असं वाटू शकतं. म्हणून हा हिशोब. पावसाळ्यात बाहेर २७–२८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना एक किलो हवेत २० ग्रॅमहून जास्त बाष्प असतं. ऑफिसात २४ अंश आणि ५५ टक्के हवं असेल तर ते साधारण १०–११ ग्रॅमवर आणावं लागतं. उरलेलं कॉइलवर पाणी होऊन ट्रेमध्ये पडतं. एक हजार सीएफएम (मिनिटाला हजार घनफूट) ताजी हवा घेतली तर तासाला जवळपास २० लिटर. एक मोठी बादली, दर तासाला, एकाच मशीनमधून.

लोक एसीला थंडी करणारं यंत्र समजतात. खरं तर ते हवेतून पाणी काढणारंही यंत्र आहे, आणि त्याची सुरुवातच तिथून झाली. १९०२ मध्ये विलिस कॅरियरने ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी पहिली यंत्रणा आखली, तेव्हा अडचण उकाड्याची नव्हती. दमट हवेत कागद फुगायचा आणि एकावर एक छापायचे रंग सरकायचे. कॉइलमध्ये सात अंशांचं चिल्ड वॉटर, म्हणजे थंड केलेलं पाणी, फिरवतात ते त्यासाठीच. पंधरा अंशांच्या पाण्याने खोली थोडीफार गार होईलही, पण दमटपणा जाणार नाही. २४ अंश आणि ५५ टक्के हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं) साधारण १४ अंश. कॉइल त्याच्या बरीच खाली असल्याशिवाय पाणी सुटत नाही.

याच्या उलट बाजूही पावसाळ्यात दिसते. बाहेर २४ अंश, ऊन नाही, ऑफिस अर्धं रिकामं. थर्मोस्टॅट म्हणतो पुरे झालं, चिल्ड वॉटरचा व्हॉल्व्ह बंद होतो, कॉइल कोमट होते. पंखा मात्र चालूच, आणि कॉइलवर चिकटलेलं पाणी परत हवेत. तेव्हा ‘गार आहे पण चिकचिक होतंय’ ही तक्रार येते. औषधांच्या कारखान्यात आणि ऑपरेशन थिएटरमध्ये याचा उपाय म्हणून कॉइलनंतर हीटर असतो: आधी हवा खूप थंड करून पाणी काढायचं, मग तीच हवा जरा तापवून खोलीत सोडायची. आमच्या हवामानात गरम करण्याची कॉइल बहुतेक वेळा थंडीसाठी नाही, दमटपणासाठी लावलेली असते. ऑफिसच्या बिलाला हे परवडत नाही. आम्ही व्हॉल्व्ह बंद होऊ लागला की पंख्याचा वेगही उतरेल अशी जोडणी करून घेतली; हवा कॉइलवर जास्त वेळ थांबते आणि पाणी सोडते. ओढही कमी होते, तो वरचा फायदा.

नवा ट्रॅप

एएचयूच्या इन्स्टॉलेशन मॅन्युअलमध्ये सापडणारा नियम असा: फिल्टर पूर्ण मळलेले असताना जी ओढ असेल, तिच्यात २५ मिमी मिळवा, ती उतरण. तिच्या निम्मं सील. आम्ही फिल्टर बदलण्याची मर्यादा धरून ओढ ६५ मानली. उतरण ९०, सील ४५, त्यात पाइपचा व्यास ४० धरला तर ट्रेच्या तोंडापासून ट्रॅपच्या बुडापर्यंत १७५ मिमी जागा हवी. उतरण जास्त झाली तर काही बिघडत नाही, कमी झाली की बिघडतं. त्यामुळे हात राखून ठेवू नका.

खरी अडचण इथे आली. आमच्या ट्रेचं तोंड जमिनीपासून १३० मिमीवर. मशीन बसवताना खाली पायाला लोखंडी चॅनेल टाकला तो १०० मिमीचा; आणखी १०० चा टाकला असता तर हा लेखच लिहावा लागला नसता. नवीन एएचयू बसत असेल तर कंत्राटदाराला आधी हेच विचारा, ट्रॅपला किती उंची सोडलीय. त्या दिवशी दोन हजारांचं लोखंड जास्त लागतं. नंतर मशीन उचलायचं तर डक्ट, चिल्ड वॉटरचे पाइप, सगळंच सुटतं.

फरशी खोदण्याचा सल्ला मिळाला. वॉटरप्रूफिंग जाईल म्हणून मी नको म्हटलं. आमचं नशीब असं की एएचयू रूमच्या भिंतीपलीकडे टॉयलेटचा शाफ्ट (पाइप खाली नेण्याची उभी पोकळी) आहे. ड्रेन लाइन मीटरला १० मिमी उताराने भिंतीतून शाफ्टमध्ये नेली आणि ट्रॅप तिथे, फरशीच्या पातळीखाली केला. ट्रेपासून ट्रॅपपर्यंतचा एकही सांधा हवा खाणार नाही याची काळजी घ्यावी लागते; तिथे हवा शिरली तर ट्रॅप केला न केला सारखंच. व्हेंट (हवेसाठी मोकळी नळी) लावायचा तर ट्रॅपच्या पुढे, अलीकडे नाही. वरच्या बाजूला टी (तीन तोंडांचा जोड) टाकून झाकण लावलं, म्हणजे काठी घालून साफही करता येतं आणि पाणीही भरता येतं. शेवटचं तोंड सांडपाण्याच्या पाइपमध्ये थेट जोडलं नाही; वर हातभर मोकळं सोडून फनेलमध्ये. थेट जोडलं आणि एखाद्या दिवशी सील गेलं, तर गटाराची हवा पंखा सगळ्या मजल्याला वाटेल.

आणखी एक चूक आमच्या प्लंबरने केलीच असती. शेजारच्या मशीनचा ड्रेनही त्याच ट्रॅपला जोडतो म्हणाला, एक एल्बो वाचेल. नाही. प्रत्येक मशीनची ओढ वेगळी. एक बंद आणि एक चालू असेल तर चालू मशीन बंद मशीनच्या ट्रेमधून हवा ओढत बसेल. दोघांना वेगळे ट्रॅप, आणि पुढे जाऊन एकत्र. तसंच एका लाइनवर दोन ट्रॅपही नकोत, मधली हवा अडकते आणि पाणी कुठेच जात नाही.

ट्रॅप बरोबर आहे तरी पाणी?

मग रोग दुसरा. डिफ्यूझरच्या (सीलिंगमधल्या हवा सोडणाऱ्या जाळीच्या) कडेने थेंब पडत असतील तर ते ड्रेनचं पाणीच नाही, घाम आहे. दारं उघडी राहिली आणि खोलीत २७ अंश, ८० टक्के झालं, तर दवबिंदू २३ च्या वर जातो. १४–१५ अंशांच्या पत्र्याला पाणी सुटणारच. तिथे दाराला क्लोजर लावा, फाटलेलं इन्सुलेशन जोडा. पंख्याच्या बाजूचा तळ आणि पंख्याची खोळ ओली असेल तर हवा कॉइलमधून फार जोरात जातेय आणि थेंब ट्रेच्या पुढे उडतायत. कॉइलसमोरचा वेग सेकंदाला अडीच मीटरच्या, म्हणजे मिनिटाला ५०० फुटांच्या, वर गेला की हे सुरू होतं. अर्धी कॉइल मळलेली असेल तर उरलेल्या अर्ध्यातून वेग दुप्पट, मग सरासरी वेग ठीक असूनही थेंब उडतात. कॉइल धुवा.

काही मशीनमध्ये पंखा कॉइलच्या आधी असतो आणि हवा ढकलतो. तिथे ट्रेमध्ये ओढ नाही, रेटा असतो. त्याचा ट्रॅप वेगळा: उतरण कमी चालते, पण सील रेट्यापेक्षा जास्त खोल हवं. आणि घरातल्या स्प्लिट एसीला यातलं काही लावू नका. तिथे पाणी आलं तर बहुतेक वेळा नळी खरंच तुंबलेली असते किंवा मशीन उलट्या बाजूला कललेलं असतं. छतात बसवतात त्या कॅसेट एसीमध्ये छोटा पंप पाणी वर उचलतो. आधी तो बघा.

राहिला तो कोरडा ट्रॅप. पुण्यात दिवाळीनंतर हवा कोरडी होते, कॉइलवर पाणी बनत नाही, ट्रॅपमधलं पाणी दोन-तीन महिन्यांत उडून जातं. मार्च-एप्रिलमध्ये ‘ऑफिसात मोरीचा वास येतो’ अशी तक्रार आली की हेच समजा. मे अखेरपर्यंत कोरडा राहिला तर पहिल्या पावसाच्या दिवशी सील नसतानाच पंखा चालू असतो, आणि पाणी वर उडतं. आखातात काम करणाऱ्या आपल्या मुलांनाही हिवाळ्यानंतर हा अनुभव येत असणार. आम्ही दर महिन्याच्या एक तारखेला टीचं झाकण उघडून दोन लिटर पाणी ओततो. चेकलिस्टवर ओळ घातलीय, समोर सही. एएचयू रूमच्या भिंतीवर कुंकवाच्या पाण्याची नळी कायमची अडकवली आहे आणि ६५ मिमीवर लाल रेघ मारली आहे. पाणी रेघेला टेकलं की फिल्टर बदलायचा, तारीख बघायची नाही.

तिसऱ्या मजल्याच्या ट्रॅपला दोन पावसाळे झाले, टाइल बदलावी लागलेली नाही. दुसऱ्या मजल्याचं मशीन शाफ्टपासून लांब आहे. तिथे उंचीही नाही, शाफ्टही नाही. पाण्याऐवजी आत चेंडू असलेले ट्रॅप मिळतात, ज्यात ओढ आली की चेंडू वाट बंद करतो. उंची कमी लागते. तसा एक मागवून बसवलाय. चेंडूच्या बैठकीवर शेवाळ धरलं की तो नीट बसत नाही, म्हणून सध्या दर पंधरवड्याला उघडून पुसतोय. काकांना तिथली बादली अजून उचलू नका म्हणून सांगितलंय.